पैठणला निघालात? गाडीत बसायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, आमच्याकडं पैठणची गाडी बुक केलीय ना, मग दोन मिनिटं काढा. संभाजीनगरहून अंतर साधारण 50 किलोमीटर, पण बरेच पॅसेंजर जायकवाडी धरण बघतात, पैठणीच्या दुकानात दोन तास बसतात, पळत पळत संत एकनाथ महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात अन् परत, जुनं गाव राहूनच जातं. आमचं म्हणणं, सकाळी लवकर निघा आणि आधी गाव करा, धरण काय कुठं पळून चाललं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ नाथांच्या मंदिराचा होतो, कारण मंदिरं दोन आहेत. बाहेरचं ते गोदावरीकाठचं समाधी मंदिर, 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथमहाराजांनी जलसमाधी घेतली ते. आणि गावातलं म्हणजे नाथांचा राहता वाडा. तिथला रांजण बघितल्याशिवाय निघू नका. देव श्रीखंड्या बनून नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरायचा म्हणतात, तो हा रांजण, तुकाराम बीजेपासून लोक त्यात पाणी ओतायला लागतात, येईल तो ओततो तरी लवकर भरत नाही, आणि भरून वाहिला की देवाची कावड पडली म्हणायचं. खरं-खोटं ज्याचं त्यानं ठरवावं, तिथं उभं राहिल्यावर असला प्रश्न फारसा पडत नाही.

तिथून नागघाट. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती जागा हीच मानतात, रेड्याची मूर्ती पण आहे. जैन मंडळींसाठी 20 वे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथांचं मंदिर गावातच आहे, अतिशय क्षेत्र म्हणजे चमत्कारांसाठी मानलेलं तीर्थ म्हणून लांबून लोक येतात.

आणि हो, हे नुसतं संतांचं गाव नाही बरं का, पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात पैठण अन् आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर दोन्हीची नावं आहेत, इथला माल बैलगाड्यांनी थेट गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा, पैठण ते भडोच 20 दिवसांची वाट!

आता कामाचं. जुन्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आत जात नाही, ड्रायव्हर बाहेर थांबेल, तुम्ही चालत फिरा, म्हातारी माणसं सोबत असतील तर बुकिंगलाच सांगा. नाथषष्ठीला येणार असाल तर गाडी आणखी लांब लावावी लागते, दिंड्यांची गर्दी अष्टमीचा काला फुटेपर्यंत असते, त्या दिवसांत परतीची वेळ आमच्याकडून पक्की लिहून मागू नका.