माया संस्कृतीतील नृत्य व वाद्ये

दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होंडुरासचा पश्चिम भाग या प्रदेशात नांदलेल्या माया लोकांची नृत्य-संगीत परंपरा. तिचे बहुतेक पुरावे इ.स. 250 ते 900 या वैभवकाळातले आहेत. माया लोकांची लिपी प्रगत होती, पण त्यांची स्वरलिपी मिळालेली नाही. त्यामुळे कोणत्या प्रसंगी कोण काय वाजवत होते, हे भित्तिचित्रे, मातीची भांडी, शिलालेख आणि स्पॅनिश वर्णनांवरून बरेच कळते. चाली मात्र कायमच्या गेल्या.

सर्वांत बोलका पुरावा दक्षिण मेक्सिकोतील चियापासच्या जंगलातल्या बोनाम्पाक या माया नगरीचा. तेथील तीन दालनांच्या इमारतीतली भित्तिचित्रे इ.स. 790 च्या सुमारास रंगवली गेली. बाहेरच्या जगाला ती 1946 मध्ये कळली. पहिल्या दालनात वादकांचा ताफाच चालला आहे. कोणी खुळखुळे हलवतो आहे, कोणी उभ्या उंच ढोलावर हाताने थाप देतो आहे, कोणी कासवाच्या कवचावर हरणाचे शिंग आपटतो आहे, तर मागे लांब सरळ कर्णे वर उचललेले दिसतात. त्यांच्यातच खेकडा, मगर अशी सोंगे घेतलेली माणसेही आहेत. मधोमध केत्साल पक्ष्याच्या हिरव्या पिसांचा प्रचंड पिसारा पाठीवर बांधून सरदार नाचत आहेत. ते ओझे पेलत ताल सांभाळायचा, म्हणजे चांगलीच कसरत असणार.

राजाने स्वतः नाचणे हा राज्यविधीचाच भाग होता. याश्चिलान या माया नगरीत इ.स. 752 मध्ये गादीवर आलेला चौथा ‘पक्षी जाग्वार’ हा राजा दरवाजांवरच्या दगडी पट्ट्यांवर हातात विधीचे दंड घेऊन नाचताना कोरलेला आहे. माया शिल्पांतले नर्तक अंग फारसे उडवत नाहीत. किंचित उचललेली टाच हीच बहुधा त्यांची खूण असते, म्हणून अशी कितीतरी शिल्पे पूर्वी नुसती उभी माणसे समजली गेली. नृत्यवाचक चिन्हाचे वाचन निकोलाय ग्रूबे यांनी 1992 मध्ये मांडले आणि मग चित्र पालटले. भांड्यांवर मक्याचा देवही वारंवार नाचताना दिसतो. ‘पोपोल वुह’ या किचे लोकांच्या (ग्वातेमालातील एक माया समाज) ग्रंथातील जुळे वीर तर पाताळातल्या राजांना नाच दाखवून भुलवतात आणि त्यातच त्यांचा काटा काढतात.

वाद्यांत तुंकुल महत्त्वाचे. पोकळ केलेल्या आडव्या ओंडक्याला वरून इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी चीर पाडली की लाकडाच्या दोन जिभा तयार होतात. टोकाला रबर लावलेल्या काठीने त्या वाजवल्या की दोन वेगळे स्वर निघतात. पाक्स हा उभा, कातडे मढवलेला ढोल. याशिवाय शंख, हाडांच्या व बोरूच्या बासऱ्या आणि मातीच्या शिट्ट्या होत्या. मेक्सिकोच्या कांपेचे किनाऱ्याजवळील हायना बेटावरच्या थडग्यांत सापडलेल्या कित्येक सुबक मूर्ती प्रत्यक्षात शिट्ट्या किंवा खुळखुळे आहेत. तंतुवाद्ये मात्र स्पॅनिश लोकांबरोबर आली. आज ग्वातेमालाची ओळख बनलेली मारिम्बाही (काठ्यांनी वाजवायचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य) जुनी माया नाही. तिचे मूळ आफ्रिकेत शोधले जाते.

सोळाव्या शतकातल्या युकातान या मेक्सिकोतील माया प्रदेशाची माहिती मुख्यतः दिएगो दे लांडा या स्पॅनिश धर्मगुरूकडून मिळते. हा साक्षीदार मोठा विचित्र: 1562 मध्ये मानी येथे माया पोथ्या त्यानेच जाळल्या आणि पुढे त्यांचे रीतिरिवाजही त्यानेच बारकाईने लिहून ठेवले. लाकडी ढोलाचा आवाज वाऱ्याबरोबर दोन लीग, म्हणजे आठ-दहा किलोमीटर, ऐकू जातो असे तो सांगतो. कोलोम्चे या नाचात मोठे रिंगण धरत. त्यातून दोघे आत येत. एक जण उभ्याने बोरूच्या काड्या जोराने फेकी आणि दुसरा उकिडवा बसून छोट्या काठीने त्या झेली. दुसऱ्या एका नाचात लहान निशाणे घेतलेले आठशेवर पुरुष युद्धाची लांब पावले टाकत आणि एवढ्या जमावात एकाचाही ताल चुकत नसे, असे त्याचे म्हणणे. स्त्री-पुरुष सहसा एकत्र नाचत नसत. अपवाद असलेला नावाल हा नाच त्याला फारसा सभ्य वाटला नव्हता. गावातल्या गाण्या-वाजवण्याची सूत्रे होल्पोप या मानकऱ्याकडे असत आणि तुंकुलही त्याच्याच ताब्यात असे.

वसाहतकाळात अशा नाचांवर बंद्या आल्या, तरी ग्वातेमालातील राबिनाल गावचे ‘राबिनाल आची’ हे पंधराव्या शतकातले नृत्यनाट्य टिकले. पकडलेल्या किचे योद्ध्याला राजापुढे उभे करतात. मरणापूर्वी तो राजाचे पेय चाखतो, राजकन्येबरोबर नाचतो, आपल्या डोंगरदऱ्यांचा निरोप घेतो आणि मग त्याचा वध होतो. साथीला लाकडी तुन (तुंकुलचाच प्रकार) आणि कर्णे असतात. युनेस्कोने 2005 मध्ये त्याला मानवी वारशाचा दर्जा दिला. सेंट पॉलच्या सणानिमित्त दरवर्षी 25 जानेवारीला हे नृत्यनाट्य सादर केले जाते.