पॅरासिटामॉलची व्यापारी नावे

ताप आणि सौम्य ते मध्यम वेदनांवरचे हे औषध जगभर असंख्य नावांनी विकले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत त्याचे मूळ नाव क्वचितच कानावर येते. कणकण आली, अंग मोडून आले की मेडिकलमध्ये ‘क्रोसिन द्या’ नाहीतर ‘डोलो द्या’ एवढेच सांगितले जाते. कालपोल, पॅसिमॉल ही नावेही ओळखीची. डोलो ६५० बंगळूरच्या मायक्रो लॅब्सचे. कोविडच्या काळात ते देशभर घरोघरी पोचले.

हार्मन मोर्स यांनी १८७७ च्या सुमारास अमेरिकेत हे रसायन तयार केले, पण औषध म्हणून ते बाजारात रुळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. अमेरिकेत १९५५ मध्ये टायलेनॉल आले, तेही आधी मुलांसाठी पातळ औषध म्हणून. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये पॅनाडॉल. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात. फ्रान्समध्ये डोलिप्रान, इटलीत ताकिपिरिना, स्वीडनमध्ये अल्वेडॉन, फिलिपिन्समध्ये बायोजेसिक, बांगलादेशात नापा. आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकाने आणलेले पॅनाडॉल ‘फॉरेनची गोळी’ म्हणून जपून ठेवले जाते. आत औषध क्रोसिनचेच.

कोल्हापूर किंवा मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेले नाव निपाणीत मिळाले नाही, की दुकानदार दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे करतो आणि घरच्यांना शंका येते. घटक आणि मिलिग्रॅम तेच असतील तर औषधही तेच. जनऔषधी केंद्रात ते मूळ नावानेच आणि स्वस्त मिळते.

खरा धोका वेगवेगळ्या नावांखाली एकच औषध दोनदा पोटात जाण्याचा आहे. सकाळी डोलो, दुपारी डोकेदुखीला सॅरिडॉन, रात्री सर्दीची गोळी: या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. कॉम्बिफ्लॅममध्ये ते आयबुप्रोफेनसोबत असते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांतली कमाल मात्रा ४ ग्रॅम मानतात. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी याहून कमी, डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यात दोन-चार गोळ्या हव्या असल्या की दुकानात पट्टी कापून देतात. घटकाचे नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते, डब्यात पडते ती बिननावाची गोळी. कापलेल्या तुकड्यावर दुकानदाराकडून नाव लिहून घ्यावे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. डिस्प्रिनही ‘डोकेदुखीची गोळी’ म्हणूनच घेतली जाते, पण ती ॲस्पिरिन आहे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्राव वाढू शकतो; तापाला पॅरासिटामॉलच देतात.

मुलांच्या औषधात एकाच व्यापारी नावाखाली वेगवेगळी तीव्रता मिळते: सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम, तर थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. थेंबांचे औषध चमच्याने दिले तर मात्रा कितीतरी पट होते. मुलाची मात्रा वजनावर ठरते, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम.

जास्त मात्रा गेल्यावर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, यकृताची हानी नंतर दिसते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक परिणामकारक ठरतो, म्हणून लक्षणांची वाट न पाहता, गोळ्यांची पट्टी हातात घेऊनच रुग्णालय गाठावे.