कथित प्रवासपसंतीचे स्थैर्य

प्रवाशाने सर्वेक्षणात सांगितलेली निवड काही काळाने पुन्हा विचारल्यास तशीच राहते काय, याविषयीचा वाहतूक-अर्थशास्त्रातील विचार. न बांधलेल्या मार्गाची मागणी अजमावताना प्रत्यक्ष प्रवासातून दिसणारी ‘प्रकट पसंती’ हाताशी नसते; कथित पसंतीवरच भिस्त ठेवावी लागते.

कथित पसंती अजमावण्याच्या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो लूस व ट्यूकी यांच्या संयुक्त मापनावरील (अनेक गुणधर्मांचा एकत्रित परिणाम मोजण्यावरील) निबंधात (1964) पाहतात. इतर तो मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांच्या तौलनिक निर्णयाच्या नियमापर्यंत, म्हणजे दोन-दोन गोष्टींच्या तुलनेतून पसंती मोजण्याच्या नियमापर्यंत (1927) मागे नेतात. थर्स्टन यांनी 1931 मध्ये टोप्या, बूट व ओव्हरकोट यांच्या जोड्यांविषयी विचारून समवृत्ती वक्रही (सारखेच समाधान देणाऱ्या जोड्या जोडणारी रेषा) काढला. काल्पनिक निवडीला कितपत मोल द्यावे, हा अर्थशास्त्रज्ञ वॉलिस व फ्रीडमन यांचा आक्षेप (1942) त्यावरच होता. अर्थशास्त्रज्ञ मॅक्फॅडन यांच्या निवड-प्रतिमानामागील यादृच्छिक उपयोगितेची (पर्यायाच्या उपयुक्ततेत योगायोगाचाही भाग असतो, ही) कल्पना थर्स्टन यांच्यापासून आलेली असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आजच्या निवड-प्रयोगांचा, म्हणजे काल्पनिक पर्यायांतून एक निवडायला लावणाऱ्या पाहण्यांचा, घाट मात्र बराचसा लूव्हिएर व वुडवर्थ यांच्या 1983 च्या लेखातला.

उत्तर बदलले म्हणजे पसंती बदलली, असे नव्हे. समजा, प्रश्नपत्रिकेवर दोन पर्याय आहेत: 30 मिनिटे व 20 एकके भाडे, किंवा 40 मिनिटे व 15 एकके. मिनिटाला अर्धे एकक मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्याचे उत्तर कुठेही झुकेल. दुसऱ्या एखाद्याची पहिला पर्याय निवडण्याची शक्यता दोन्ही वेळा 70 टक्के असली आणि उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र असली, तरी ती जुळण्याची शक्यता 58 टक्केच भरते. शिवाय सरावाने किंवा कंटाळ्याने उत्तरांतील विस्कळीतपणा बदलतो व प्रतिमानातील सगळे गुणांक (निवडीत वेळ, खर्च यांना मिळणारी वजने) एकाच पटीत कमीजास्त होतात. त्यामुळे सुटे गुणांक ताडून उपयोग नाही. वेळ व खर्च यांच्या गुणांकांचे गुणोत्तर, म्हणजे वेळेचे मोल, ताडावे लागते.

दीर्घ काळाची तुलना मुख्यतः राष्ट्रीय पाहण्यांतून होते. नेदरलँड्समध्ये 1988 व 1997 च्या पाहण्यांत वेळेचे मोल उत्पन्नवाढीच्या मानाने वाढलेले दिसले नाही. कारण म्हणून प्रवासातील वाढत्या सोयी व मोबाइल फोन यांचा उल्लेख होतो. स्वीडनमध्ये 13 वर्षांच्या अंतराने तीच प्रश्नावली वापरली, तेव्हा समान वास्तव उत्पन्नाच्या प्रवाशांत हे मोल जवळपास तेवढेच आढळले. दोन्ही ठिकाणी व्यक्ती वेगळ्या होत्या. तेव्हा हे स्थैर्य समूहाचे.