पॉवर वीडरची पाती आणि कडबा कुट्टीचे सुरे आता आपल्याच कारखान्यात: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, पॉवर वीडरची (तण काढण्याच्या यंत्राची) पाती आणि कडबा कुट्टीचे सुरे, जे आम्ही आतापर्यंत चीनमधून तयार मागवून आमच्या छापाने विकत होतो, ते यंदाच्या खरिपापासून दारव्हा तालुक्यातील आमच्या कारखान्यात तयार होत आहेत. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, कारंजा आणि मानोरा या भागात ज्यांच्याकडे आमची यंत्रे आहेत, त्यांना या बदलामुळे काय फरक पडेल, ते येथे दिले आहे.

बाहेरचा माल स्वस्त पडत असे आणि तो सरसकट वाईट होता असेही नाही. अडचण वेळेची होती. चिनी नववर्षाच्या सुट्टीमुळे तेथील कारखाने जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास बंद राहतात, त्यामुळे मृगाच्या पेरणीनंतर लागणाऱ्या पात्यांची मागणी आम्हाला दिवाळी आटोपताच नोंदवावी लागे. म्हणजे पाऊस कसा राहील, पऱ्हाटी किती आणि सोयाबीन किती, याचा कोणालाच अंदाज नसताना. 2022 मध्ये मार्चअखेरपासून मे संपेपर्यंत शांघाय टाळेबंदीत होते. त्या वर्षी आमचा माल तिकडेच अडकला आणि दुकानात पोहोचला तेव्हा या भागातील डवरणी उरकत आली होती.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. काळी भारी जमीन ओली असताना पात्याला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते; मधला वाफसा थोड्याच दिवसांचा असतो आणि त्यातच तण काढून घ्यावे लागते. पात्याचा बाक थोडा मोकळा ठेवल्यास माती कमी अडकते, ही सूचना अनेक शेतकऱ्यांनी आम्हाला केली होती. ती पुरवठादाराला कळवून, नवा साचा करवून, सुधारलेले पाते हाती येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडत असे. आता आषाढात आलेल्या तक्रारीवर पोळ्याच्या आत डाय (पात्याला बाक देणारा साचा) बदलता येते, आणि हा बदल करण्यामागचे आमच्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हेच आहे. शेजारच्या वर्ध्यात 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्या मुलखात स्वदेशीचे नाव घेऊन भाव वाढवणे आम्हाला शोभणार नाही; पाते टिकले तरच ते घ्यावे.

पात्यासाठी स्प्रिंग स्टीलची पट्टी नागपूरहून येते. ती कापून, तापवून डायवर वाकवली जाते, सुमारे 850 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवली जाते आणि ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा कमी आचेवर तापवली जाते. नुसते पाणी पाजून, म्हणजे तापवून एकदम थंड करून, सोडलेले पाते पहिल्याच दगडावर तुटते, म्हणून हा शेवटचा टप्पा आम्ही घाईने उरकत नाही. प्रत्येक खेपेतील काही पाती कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर तपासली जातात आणि कठीणपणा 38 ते 45 एचआरसी (या यंत्राचे माप) या मर्यादेत नसेल तर ती खेप बाजूला काढली जाते. आपल्यालाही घरी ढोबळ परीक्षा करता येईल: पात्याच्या कडेवर कानस चालवावी. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाते ठिसूळ आहे. सहज खोल चरली तर ते मऊ आहे. जोर लावल्यावर थोडी धरली तर पाते ठीक आहे. कडबा कुट्टीच्या सुऱ्याला ही परीक्षा लावू नये, कारण तो मुद्दाम अधिक कठीण ठेवलेला असतो. सुऱ्याला ग्राइंडरवर धार लावताना मधूनमधून पाण्यात बुडवावे. धार निळी पडली की तिचे पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला, असे समजावे.

सर्वच काही येथे तयार होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. वीडरचे पेट्रोल इंजिन पूर्वीप्रमाणे परदेशातूनच येईल, कारण ते बनवणे आमच्या आवाक्यातील काम नाही. गिअर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून करवून घेतले जातात. थोडा-थोडा माल काढावा लागत असल्यामुळे नव्या पात्याची किंमत आयात पात्यापेक्षा काहीशी जास्त आहे. मात्र सुटे पाते लगेच मिळेल आणि विक्रेत्यांना मोठा साठा करून पैसा अडकवावा लागणार नाही.

नवी पाती जुन्या यंत्रांना तशीच बसतात, कारण बोल्टच्या छिद्रांचे अंतर बदललेले नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या खुणा पाहून पाती लावावीत आणि पूर्ण संच एकदम बदलावा. झिजलेल्या पात्यांत एखादेच नवे पाते टाकल्यास यंत्र हादरते आणि बेअरिंग लवकर जाते. तुटलेले पाते वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. या पोलादाला जोडाशेजारी तडा जातो आणि तुकडा उडून पायाला इजा होऊ शकते. असे पाते दुकानात आणून द्यावे, म्हणजे तुटलेली कड पाहून कारण शोधता येईल आणि दोष आमच्या कामाचा असल्यास पाते विनामूल्य बदलून दिले जाईल. आयात पात्यांचा शिल्लक साठा संपेपर्यंत जुन्याच दराने, वेगळ्या खोक्यांत मिळेल. कोणते पाते हवे, ते विक्रेत्याला सांगून घ्यावे.