सीपीयूची आठ पिन आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिन: दोन्ही एकच नाहीत हो!

"दादा, सगळं जोडलंय, पंखे पण फिरतायत, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." मित्रमंडळींत कोणी पहिल्यांदा पीसी जोडला की हा फोन मला येतोच. फोटो मागवला की बहुतेक वेळा मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं सीपीयूला (प्रोसेसरला) वीज देणारं सॉकेट रिकामं दिसतं. लाव म्हटलं की उत्तर येतं, "आठ पिनवालीच ना? आहे एक इथे, पण नीट बसत नाहीये, जरा दाबू का?"

नको रे बाबा, दाबू नकोस.

मदरबोर्डच्या चोवीस पिनच्या केबलबद्दल आणि हार्ड डिस्कच्या साटा केबलबद्दल मी बोलत बसणार नाही, त्या चुकीच्या जागी लावायच्या तर मुद्दाम मेहनत करावी लागते. खरी गंमत या दोन आठ पिनांची. दोन्हींना आठ भोकं, दोन्हींत १२ व्होल्ट, दोन्ही एकाच एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणार आणि हल्ली सगळ्या वायरी काळ्या असल्यामुळे लांबून जुळ्या बहिणीच. हे काळ्या वायरींचं फॅड मला अजिबात आवडत नाही, कारण जुन्या रंगीत वायरी असत्या तर फरक एका नजरेत दिसला असता. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्टची परतीची वायर. सीपीयूच्या केबलमध्ये चार पिवळ्या आणि चार काळ्या, आणि क्लिप ज्या बाजूला असते तिकडे चारही पिवळ्या. ग्राफिक्स कार्डच्या केबलमध्ये बरोब्बर उलटं, क्लिपच्या बाजूला चारही काळ्या आणि पलीकडे तीन पिवळ्या, एक काळी. म्हणजे एकीच्या जागी दुसरी कोंबली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडणार. एसएमपीएस चांगला असेल तर शॉर्ट ओळखून चालूच होणार नाही, लोकल असेल तर काय जळेल ते आपल्या नशिबावर.

म्हणूनच भोकांचे आकार वेगळे ठेवलेत, काही चौकोनी तर काही कोपरे कापलेली. पण कोपरे कापलेली पिन चौकोनी भोकात आरामात जाते, त्यामुळे केबल थोडी आत सरकते आणि माणसाला वाटतं की आता जरा जोर लावला की झालं. तो जोरच नडतो.

ओळखायची कशी? प्लग हातात घ्या आणि कुठे सुटतो ते बघा. मधोमध चार-चार असा सुटला तर सीपीयूचा. सहाचा मोठा तुकडा आणि बाजूला दोनचं पिल्लू लटकत असेल तर ग्राफिक्स कार्डचा. बास, एवढंच. प्लगवर बारीक अक्षरात सीपीयू किंवा पीसीआयई (म्हणजे ग्राफिक्स कार्डची) लिहिलेलंही असतं, पण ते वाचतो कोण.

वॉटचं थोडक्यात: कार्डची सहा पिन ७५ वॉटची, आठ पिन १५०ची. मोठ्या कार्डला दोन सॉकेटं असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबली ओढा, मी तरी तसंच करतो. आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) आठ पिन करून देणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर कोणी कितीही गोड बोलून दिले तरी घेऊ नका.

मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणाऱ्या एसएमपीएसवाल्यांसाठी अजून एक घोळ. बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएसच्या बाजूला सीपीयू आणि पीसीआयईला एकच सॉकेट असतं, त्यावर दोन्ही नावं छापलेली असतात, ते बरोबरच आहे, घाबरू नका. फरक केबलच्या दुसऱ्या टोकाला. पण जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका, कारण एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंच स्टँडर्ड नाही, प्रत्येक कंपनी पिना आपल्या मर्जीने लावते. "बसली की" म्हणून मी एकदा ड्रॉवरमधली जुनी साटा केबल लावली होती. पाच व्होल्टच्या जागी १२ गेले आणि हार्ड डिस्क मेली, त्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीचे सगळे फोटो होते. नंतर बुधवार पेठेत जाऊन मल्टीमीटर आणला. फोटो नाही आले परत.