गाळेभाडे (वस्तीतील शॉपिंग कॉम्प्लेक्स)

गृहसंकुलाच्या तळमजल्यावर किंवा वस्तीच्या नाक्यावर असलेल्या बाजारसंकुलात दुकान चालवण्यासाठी दरमहा द्यावी लागणारी रक्कम. दर चौरस फुटावर बोलला जातो. तो कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) की सुपर बिल्टअपवर (भिंती, जिना, व्हरांडा यांचा वाटा धरून), हे आधी विचारलेले बरे. 300 फुटी म्हणून दाखवलेला गाळा टेप लावल्यावर 200च्या आसपास भरू शकतो.

इमारतीला खर्च किती आला यावर भाडे ठरत नाही. धान्य महाग म्हणून खंड (शेतजमिनीचे भाडे) चढतो, खंड चढल्याने धान्य महागत नाही, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये मांडलेले सूत्र गाळ्यालाही लागू पडते. त्या जागी गल्ला किती जमेल, यावर दुकानदार किती देईल ते ठरते.

म्हणूनच एकाच इमारतीत दर बदलतात. दोन बाजूंनी शटर उघडणारा कोपऱ्याचा गाळा सर्वांत महाग. 10 फूट रुंद, 30 फूट खोल आणि 15 फूट रुंद, 20 फूट खोल या गाळ्यांचे क्षेत्रफळ एकच. पण भाव दुसऱ्याला, कारण रस्त्यावरून पाटी आणि माल दिसतो. जिना चढला की दर घसरतो. दुधाच्या पिशवीसाठी कोणी वर जात नाही. तिथे क्लास, दवाखाना, सीए यांची कार्यालये येतात, कारण त्यांच्याकडे माणूस ठरवूनच जातो. संध्याकाळी घरी परतणाऱ्यांची बाजू, स्कूटर टेकवायला जागा, यांनाही मोल असते. रस्त्यावर नवा दुभाजक पडला, तर समोरच्या बाजूचे निम्मे गिऱ्हाईक तुटते.

गर्दी खेचणाऱ्या सुपरमार्केटला मालक चौरस फुटामागे कमी दर लावतो. ती सूट शेजारच्या छोट्या गाळ्यांकडून वसूल होते. मॉलमध्ये भाडे विक्रीच्या टक्केवारीशीही जोडतात. वस्तीत ते क्वचितच जमते: रोजचा गल्ला मालकाला कोण दाखवणार? मेडिकलवाला मात्र ‘दुसरे मेडिकल देणार नाही’ ही अट घालून घेतो आणि त्यापायी थोडे जास्तही मोजतो.

नव्या गाळ्यांचे व्यवहार बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर होतात: डिपॉझिट, लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ), ठरलेली वार्षिक वाढ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. जुन्या मुंबई-पुण्यात हे सारे गणित कोलमडते. तिथल्या पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेकरारावर घेतलेल्या) दुकानांचे भाडे 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवले. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्या जुन्या आकड्यावरच. त्यामुळे एकाच भिंतीला लागून असलेल्या दोन दुकानांपैकी एकाचे महिन्याचे भाडे दुसऱ्याच्या एका दिवसाच्या भाड्याइतकेही नसते.