खाडी ठाण्याची, यॉट गेटवेची

नवी मुंबईतल्या माणसाला शिडाची छोटी बोट घ्यायची हौस असली, तर ती ठेवायला आणि शर्यतीत उतरवायला बहुतेक वेळा गेटवेसमोरचं पाणीच गाठावं लागतं. दारात खाडी असून ही पाळी येते.

शिडाचं आणि इथल्या पाण्याचं वैर कधीच नव्हतं. कल्याण हे जुनं नावाजलेलं बंदर. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजं बांधायला घेतली ती याच मुलखात. पुढेही मचवे आणि पडाव खाडीतून माल वाहत राहिले. पण ती पोटापाण्याची शिडं. हौसेचं शीड आलं ते साहेबाबरोबर. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा, आणि त्याचं सगळं लक्ष अपोलो बंदराकडे, म्हणजे आजच्या गेटवेच्या बाजूला. ठाण्याला यायचं त्याला कारणच नव्हतं.

यॉट म्हणजे श्रीमंतांचा खेळ, ही समजूत तेव्हा खरीच होती. ती ढिली झाली प्लायवूडमुळे. 1956 मध्ये जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने ‘एंटरप्राइज’ आखली: सुमारे चार मीटर लांब, दोन माणसांची, निळ्या शिडांची, घरच्या घरी जोडता येईल अशी. भारतातही ती रुजली. शर्यतीत एकाच आराखड्याच्या बोटींचा एक ‘वर्ग’ धरतात; अशा वर्गातल्या सगळ्या बोटी एकाच मापाच्या असाव्या लागतात, त्यामुळे पैसे ओतून वेग विकत घेता येत नाही. खर्च उरतो तो शिडं, दोर आणि कप्प्यांचा. त्यातही शिडावर हात आखडू नये, असं माझं मत. उन्हाने ढिलं पडलेलं शीड वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढतच नाही.

1982 च्या आशियाई स्पर्धा दिल्लीच्या, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. ‘फायरबॉल’ वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं.

नेमक्या याच काळात खाडीवर पूल येत होते. वाशीचा पहिला 1973 मध्ये, रेल्वेचा 1992 मध्ये, मग 1997 चा दुसरा आणि 1999 मध्ये ऐरोलीचा. कोपरखैरणे-ऐरोलीकडून समुद्राकडे निघालेल्या बोटीची गोची बघा. ओहोटीला पुलाखाली उंची भरपूर, पण पाणी नाही. भरतीला पाणी आहे, तर डोलकाठी आणि पूल यांतलं अंतर कमी. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, इथे भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच कमी, म्हणून बेत आखायचा तो तिथी बघून. शिवाय गाळ. तळाला जड कील, म्हणजे पाण्यात खोल जाणारं पक्कं पातं, असलेली बोट ओहोटीत चिखलात बसली, की पुढची भरती येईपर्यंत खलाशी तिथेच, रोहित पक्ष्यांच्या सोबतीला. खाडीचा काही भाग 2015 पासून त्या पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे, तेव्हा तिथे मनाला येईल तशी बोट घालताही येत नाही.

त्यामुळे या बाजूला चालेल ती तळाचं पातं वर ओढून घेता येईल अशी डिंगी, म्हणजे छोटी हलकी बोट, ट्रेलरवरून आणून भरतीला उतरवायची. सकाळचा मतलई वारा मरतो आणि दुपारी खारा वारा लागतो, ती शर्यतीची वेळ. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढून उलटी घालायची आणि शिडं गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून माळ्यावर टाकायची.